मंदावहिनी गेली, आता गाठ माझ्याशी

मंदावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणगावात माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. फोन दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. "शालू, तुझी वहिनी गेली गं," एवढंच तो म्हणाला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, पण मला गॅस बंद करायचं सुचेना... "कशाने गेली? काल तर बोलले मी तिच्याशी," असं विचारल्यावर तो तुटक तुटक सांगायला लागला. सकाळी तिच्या छातीत कळ आली. दादा शेजारच्या सुधाकरकडे धावला. सुधाकर रिक्षा धूत होता. त्याने चावी हातात घेतली, मग थांबला आणि म्हणाला, "दादा, तात्यांना इचारून येतो." तात्या म्हणजे आमच्या गावकीचे, गावच्या पंचमंडळीचे, अध्यक्ष. सुधाकर विचारून आला. परवानगीही मिळाली होती. तोवर वहिनी पडवीतच गेली होती. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून आयुष्य काढलं. परिचारिका म्हणून विचाराल तर सांगेन, रिक्षा लगेच निघाली असती तरी म्हसळ्याच्या दवाखान्यापर्यंत वहिनी टिकली असती की नाही, सांगता येत नाही. नणंद म्हणून विचाराल तर सांगेन, टिकली असती. आणि हा लेख नणंद लिहिते आहे.

वहिनी मूळची किहीमची. नारळीच्या बागेत वाढलेली, बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आई म्हणाली होती, ही सून भात कापायला गेली तर पेरणीलाच परत येईल. ती समाजकार्य शिकलेली होती, त्याचा आमच्या गावाला काय उपयोग हे कोणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. पुढे तालुक्याच्या ठिकाणी पोलीस ठाण्याच्या आवारात महिलांसाठी समुपदेशन केंद्र निघालं आणि तिथे तिची नेमणूक झाली. माझा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय कमी आणि एका धंद्यातल्या दोघी जास्त झालो. दवाखान्यात बाया यायच्या, विहिरीवर पाय घसरला म्हणून, जिन्यावरून पडले म्हणून, म्हशीने ढुशी दिली म्हणून. आमच्या तालुक्यातल्या म्हशींवर इतके आळ आलेत की त्या बिचाऱ्या बोलू शकत असत्या तर त्यांनीच मोर्चा काढला असता. मी मलमपट्टी करायची आणि कानात सांगायची, "बाजार झाला की ठाण्याच्या मागच्या खोलीत जा. तिथल्या ताई माझ्या वहिनी आहेत. चहा चांगला करतात."

चहा ती खरंच चांगला करायची, पण तो नुसता चहा नसायचा. बाई आत आली की वहिनी काही विचारायची नाही. कप पुढे करायची, बरोबर टोस्ट द्यायची आणि मुलंबाळं, भात, पाणी असं काहीबाही बोलत बसायची. मला वाटायचं ही वेळ घालवते आहे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा म्हणाली, "शालू, मी तिचं गिळणं बघत असते." नवऱ्याने गळा दाबलेला असला की वर पुष्कळदा काही दिसत नाही, पण घोट उतरताना बाई मान वाकडी करते, टोस्ट चहात भिजवूनसुद्धा बाजूला ठेवते, आवाज घोगरा येतो आणि विचारलं तर सर्दी झाली म्हणते. ज्या नवऱ्याने एकदा गळ्याला हात घातला, त्याच्या बाबतीत वहिनी कोणाचं ऐकून घ्यायची नाही. "काही नवरे मारतात," ती सांगायची, "आणि काही नवरे मारून टाकतात. दोघेही नालायकच, पण पहिल्याकडून बाईला बाहेर काढायला मला थोडा वेळ असतो. दुसऱ्याकडे नसतो. हा कुठला, हे ओळखायचं, त्याचाच मला पगार मिळतो."

ते ओळखायचे तिचे प्रश्न साधे असायचे. कोयता घरात कुठे असतो? मागचं दार आतून लागतं का? तो चिडला की आवाज चढतो की उतरतो? 'मारीन' म्हणतो, की कसं मारीन तेही सांगतो? तू माहेरी गेलीस तेव्हा मागोमाग आला होता का? आणि प्रत्येक वेळी, "तुला स्वतःला काय वाटतं, तो जीव घेईल?" हा प्रश्न विचारून ती थांबायची. बाईला जे वाटतं ते सगळ्यात आधी खरं धरायचं, मग बाकीचं, असं तिचं म्हणणं. 'मग तू राहतेस कशाला?' हे मात्र तिने कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या कोणी विचारलं तर तिचा हळू आवाज एकदम धारदार व्हायचा. आणि दोघांना समोरासमोर बसवायला ती साफ नकार द्यायची. गावकीवाले यायचे, नात्यातले यायचे, सगळ्यांचं एकच पालुपद, दोघांना एकत्र बसवा आणि मिटवून टाका. वहिनी म्हणायची, "त्याच्यासमोर ती जे बोलेल ते त्याचंच बोलणं असेल. ते मला कशाला ऐकायचंय?"

सगळं बिनसलं ते चंदावरून. चंदा हे तिचं खरं नाव नाही. ती आमच्याच गावची सून, आमच्या घरापासून चार घरं पलीकडे राहणारी. नवरा रोह्याच्या बाजूला कंपनीत कामाला, सुट्टीला गावी यायचा. गावात त्याचं नाव चांगलं. शिमग्यात पालखी नाचवण्यात पुढे, कोणाच्या मयताला लाकडं तोडण्यात पुढे. भर उन्हाळ्यात चंदा गळ्याला ओढणी गुंडाळून वहिनीकडे आली. मी तेव्हा निवृत्त होऊन माणगावला राहत होते, दोन दिवस दादाकडे आले होते. पोरीच्या घशातून चहा उतरेना. वहिनीने हळूच विचारलं तेव्हा म्हणाली, "न्हाय वो ताई, ते तसं न्हाईत. दुसऱ्या दिवशी सोताच्या हातानं भरवलानी मला." वहिनीचा चेहरा मी तेव्हा बघितला. मारणारा भरवायला लागला की तिला जास्त भीती वाटायची. मग एकेक करून बाहेर आलं. कोयता पलंगाखाली. कुठे पुरणार ती जागासुद्धा त्याने चंदाला दाखवून ठेवलेली, आंब्याच्या झाडापलीकडे. वहिनीने शेवटचा प्रश्न विचारला. चंदा जमिनीकडे बघतच म्हणाली, "घेल. पावसाच्या आत घेल." वहिनी उठली, दाराला कडी घातली आणि मला म्हणाली, "ही आता घरी जात नाही."

चंदा आमच्याच घरी राहिली. वहिनीने तिला रीतसर कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळवून दिला, नवऱ्यावर फिर्याद नोंदवून दिली. गावकीने बैठक बोलावली. तात्यांनी निरोप पाठवला, पोरीला बैठकीत आणा, नवरा ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेईल, आणि तिने नांदायला जावं. वहिनी एकटीच बैठकीला गेली. "शपथ त्याने आईसमोर घेतली होती, बहिणीसमोर घेतली होती, चंदाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती," ती म्हणाली. "देवाला कशाला मध्ये घालता? चंदा येणार नाही." बास. गावकीचा मान राखला नाही म्हणून आमचं घर वाळीत पडलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, कारण ते कोणी ओरडून करत नाही. गिरणीवाल्याची गिरणी दादा गेला की नेमकी बंद पडायची. दुकानात मीठ संपलेलं असायचं. बाया विहिरीवरून आमच्या अंगणाला वळसा घालून जायच्या. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आमच्या कोकणात त्याहून मोठा सण नाही. दादा नवं धोतर नेसून आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभा होता. ढोल जवळ आले, पालखी आमच्या अंगणाशी आली आणि न थांबता पुढच्या घरी गेली. खांदा देणाऱ्यांत आमचा सख्खा चुलतभाऊ होता. दादा ताट हातात घेऊन तसाच उभा राहिला. वहिनीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "देव पुढे गेला तर गेला. चंदा घरात आहे ना?" दादाने मान हलवली. त्या दिवशी तो जेवला मात्र नाही. माझा भाऊ देवभोळा आहे. त्याचं ते तोंड मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मी पेटून उठले होते. वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, त्याला कायदा आहे. मी म्हटलं, तात्यांना आत घालू. एकदा वहिनीच्या ठाण्यातले पोलीस आपणहून येऊन विचारपूस करून गेले होते, तेव्हा तात्या हात जोडून म्हणाले होते, "कोण म्हणतो वाळीत? तेच कोणात मिसळत न्हाईत, साहेब. शिकलेली माणसं." सगळ्या गावाने माना डोलावल्या. मला तर त्या मानाच पिरगाळाव्याशा वाटल्या होत्या. पण वहिनी मला आवरायची. चंदाच्या शेजारणी तिच्या बाजूने साक्ष देणार होत्या, आणि आम्ही गावाविरुद्ध फिर्याद केली असती तर त्या घाबरून फिरल्या असत्या. "आधी चंदाचं," ती म्हणायची. शेजारणींच्या साक्षी झाल्या. मी म्हटलं, आता? तर म्हणाली, "आधी लावणी होऊ दे, लोक शेतात आहेत." तिच्याकडे नेहमी एक 'आधी' असायचंच. तिच्यात सूड नव्हताच मुळी. तो सगळा देवाने माझ्या वाट्याला दिला असावा. ती होती तोवर माझे हात तिने धरून ठेवले होते... आणि मग ती गेली.

अंत्ययात्रेला गावातलं कोणी आलं नाही. ठाण्यातले शिपाई आले, दवाखान्यातली माझी जुनी माणसं आली, आणि कुठून कुठून बाया आल्या, ज्यांना मी कधी तरी कानात सांगितलं होतं की तिथे चहा चांगला मिळतो. त्यांची गर्दी रस्त्यापर्यंत गेली. ती गर्दी बहुधा तात्यांच्या डोळ्यांवर आली. शिवाय मुंबईच्या पेपरात तिच्यावर चार ओळी छापून आल्या, गावाच्या नावासकट, आणि मुंबईतल्या आमच्या गावकरी मंडळात कौतुक सुरू झालं, आपल्या गावची बाई, आपल्या गावची बाई. तेरावं झाल्यावर तात्यांचा निरोप आला, देवळाच्या सभामंडपात शोकसभा ठेवली आहे, घरच्यांनी यावं. दादा हरखला. त्याला वाटलं गावाला पश्चात्ताप झाला. चंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी परत जाऊ का त्यांच्याकडं? दादांच्या दारात पालखी तरी येल. माज्यामुळं झाला समदा." मी तिला म्हटलं, "तू गप बस आणि बॅग भरून ठेव." माझं मन मला काहीतरी सांगत होतं.

सभेला माईक होता. वहिनीच्या फोटोला हार होता. मुंबईवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला मोबाईलवर शूटिंगही चालू होतं. तात्या उभे राहिले. मंदाताई गावाचं भूषण होत्या वगैरे झालं, आणि मग त्यांना मोठेपणाचा उमाळा आला. म्हणाले, "मतभेद झाला होता. त्या घराशी गावानं येणा-जाणा बंद केला होता. तो गावकीचा ठराव होता, अध्यक्ष म्हणून मीच जाहीर केला होता. पण मेलेल्या माणसाशी वैर न्हाय. आजपासून तो ठराव उठवला. गावानं त्या घराला माफ केला."

मी ताठ बसले. ज्या गोष्टीला साहेबांपुढे 'कोण म्हणतो' म्हणाले होते, तीच हा माणूस आता माईकवर सांगत होता, आणि छाती फुगवून! माफ करायचं म्हणजे आधी शिक्षा केल्याचं सांगावं लागतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गावकीचा शब्द हाच कायदा समजणाऱ्याची ही चूक असते. ठराव केला याची त्यांना लाज कधी नव्हतीच, उठवला याचा मात्र अभिमान होता. मी उभी राहिले. डोळ्यांना पदर लावला. अगदी नम्रपणे म्हटलं, "तात्या, मागे नीट ऐकू आलं नाही. मुंबईची मंडळी पण ऐकतायत. काय काय बंद होतं, ते सगळं आजपासून चालू झालं असं एकदा स्पष्ट सांगा ना, दादाच्या जिवाला बरं वाटेल." आणि तात्यांनी सांगितलं! गिरणी, दुकान, विहीर, रिक्षा, पालखी, सगळं. कोणाकोणाला ताकीद दिली होती तेही नावानिशी, मोठ्या मनाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मग ते म्हणाले, "आनि चंदाचा पन मिटवू. तिच्या नवऱ्यानं दार उघडा ठेवलाय. उद्या तो तिला न्यायला येनार हाय, शालूनं तिला पाठवावा." मंडपाच्या खांबापाशी तो उभा होता, हात जोडून, भांग पाडून. माझ्याशेजारी चंदाने थुंकी गिळली आणि मान वाकडी केली. नुसत्या आठवणीने.

तिला घेऊन मी अंधार पडायच्या आत माणगावला आले. घरी पोचते न पोचते तोच मुंबईच्या चुलत्यांकडून तो व्हिडिओ फोनवर आला. खाली लिहिलं होतं, "बघ शालू, तात्यांचं मन किती मोठं!" मी तो पुन्हा पुन्हा बघितला. खोटं कशाला बोलू, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी वकिलाला बरोबर घेऊन फिर्याद दिली. तात्यांनी नावं घेतली होती त्या सगळ्यांची नावं आहेत, सुधाकरचंही आहे, चुलतभावाचंही आहे. मी गावाचं नाव इथे लिहीत नाही. चंदाचा नवरा आदेश मोडून माणगावात माझ्या गल्लीपर्यंत आला, तोही आता जामिनासाठी धावपळ करतो आहे. दादा माझ्यावर रुसला आहे. म्हणतो, आत्ताच तर गाव जवळ आलं होतं. रुसू दे. चंदा माझ्याकडे आहे, एका पतपेढीत साफसफाईच्या कामाला जाते, आणि दोन पावसाळे होऊन गेले तरी जिवंत आहे.

परवा वहिनीच्या वस्तू आणायला ठाण्यामागच्या तिच्या खोलीत गेले. नव्या ताई अजून नेमायच्या आहेत. खोली तशीच होती, फक्त धूळ बसलेली. भिंतीशी एक लाकडी खुर्ची असते, ती नवऱ्यांची. बाई सुरक्षित जागी पोचल्यावर, आणि ती हो म्हणाली तरच, वहिनी नवऱ्याला एकट्याला बोलवायची. तो माफी मागतच आत यायचा. माफी मागण्यात हे लोक फार पटाईत असतात. वहिनी सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "कशाची माफी?" तो म्हणायचा, झालं गेलं त्याची. "काय झालं?" रागाच्या भरात झालं. "काय झालं?" आणि मग गप्प बसायची. 'मी तिचा गळा दाबला' एवढं ज्याच्या तोंडून निघत नाही, त्याच्याशी ती पुढे एक शब्द बोलायची नाही. ज्याच्या तोंडून निघायचं त्याच्याकडेही ती बाईला लगेच पाठवायची नाही, पण निदान त्याला पुढच्या खेपेला बोलवायची.

मी कपाट आवरत होते तेवढ्यात दारात तात्या. जबाबाला ठाण्यात बोलावलं होतं त्यांना. "शालू, हितं हायस व्हय," म्हणत आत आले आणि नेमके त्या खुर्चीवर बसले. वाळले होते जरा. मला बरं वाटलं. म्हणाले, "पोरी, ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतेस? तुझ्या वहिनीनं असा केला नसता."

"नसताच केला," मी म्हटलं. "म्हणून तर तुम्ही इतके दिवस निवांत झोपलात."

"मी माफी मागतो. हात जोडतो. मागं घे."

ते शब्द माझ्या तोंडून आले तेव्हा आवाज माझा नव्हताच, इतका हळू आला. "कशाची माफी, तात्या?"

"आता... जे झाला त्याची."

"काय झालं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माईकवर घडाघडा बोललेला माणूस. वहिनी अशा वेळी थांबायची, कितीही वेळ. मीही थांबले. बाहेर कोणीतरी त्यांच्या नावाचा पुकारा केला, तरी थांबले. शेवटी ते पुटपुटले, "तुला समदा ठाव हाय. माज्या तोंडानं कशाला वदवतेस?"

"वदवायचंच आहे," मी म्हटलं. "इथे जमत नसेल तर तिथे. जा, बोलावतायत."

ते गेले. मी खुर्ची पुसली आणि पुन्हा भिंतीशी सरकवून ठेवली. अजून बरेच जण यायचे आहेत.